टोप निवायच्या आत

आमच्या घरात मुलगी किती लांब द्यायची हे टोपावर ठरत असे. मुलाचं घराणं, त्याची नोकरी, त्याची वागणूक हे सगळं पुरुष माणसं बघत. अंतर मात्र बायका बघत, आणि ते त्यांच्या मापानं मोजत. लग्नानंतर पहिलं वर्षभर दर शुक्रवारी माहेरहून मुलीच्या सासरी जेवणाचा टोप जायचा. तांब्याचा, आतून कल्हई केलेला, आणि त्यात अकनी, म्हणजे मटणाच्या पाण्यात शिजवलेला भात. लूमवरच्या कापडाच्या तुकड्यांची एक जाड गोधडी खास त्यासाठी राखलेली असे. तिच्यात टोप गुंडाळून घरातला कोणीतरी सायकलवर, एसटीनं किंवा पायी निघायचा. तिकडे टोप उतरवला की सासू झाकणावर तळहात टेकवायची. चटका बसायला नको, पण ऊब लागली पाहिजे. आणि टोप परत पाठवताना रिकामा पाठवायचा नाही, मूठभर तांदूळ का होईना, त्यात घालायचेच. अब्बांच्या दोन्ही बहिणी याच मापानं दिल्या होत्या, एक टेमघरला आणि एक महापोलीला, दोन्ही जवळपासची गावं. अम्मा त्याचा अर्थ स्पष्ट सांगायची. "ज्या सुनेचा टोप गरम येतो ना, तिच्यावर हात उचलताना मानूस दोनदा इचार करतो. त्याला कळतं, हिची मानसं अन्न निवायच्या आत दारात उभी ऱ्हातील."

आमचं घर म्हणजे भिवंडीत दोन खोल्या, एका शेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडला चिकटून. भिंत एकच. पलीकडे चोवीस लूम आणि अलीकडे आम्ही. अब्बा तिथेच जॉबर होते, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. खटाखट दिवसभर चालायची, म्हणून आम्ही सगळे मोठ्यानं बोलायचो. बाहेरगावचे पाहुणे आले की विचारायचे, "काही भांडण झालं का?" शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी आमचेच आवाज आम्हाला परके वाटत आणि आम्ही उगाच कुजबुजायचो. अंजूरच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन निवट्या, कोलंबी विकायला येत, त्यांची हाळी फक्त शुक्रवारीच ऐकू येई. एरवी त्या दाराची कडी वाजवत. अम्मा आणि माझी थोरली बहीण हमीदाआपा घरी कांड्या भरायच्या. धोट्यात जी सुताची बारीक काडी बसते ती कांडी. आपाची बोटं इतकी चपळ होती की ती कांडी न बघता भरायची आणि डोळे माझ्या पुस्तकावर ठेवायची. तिची शाळा चौथीत सुटली होती. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. मला नगरपालिकेच्या मराठी शाळेत घातलं ते काही विचारपूर्वक नव्हे, शाळा गल्लीच्या तोंडाशी होती म्हणून. पण एकदा घातल्यावर मला तिथून कोणी काढलं नाही, ते आपामुळे. माझ्या वाट्याच्या कांड्या ती भरायची. "तू वाच गो," म्हणायची, "मोठ्यानं वाच, मला पन ऐकू दे." इतिहास तिला आवडायचा नाही, सगळे मेलेले लोक म्हणायची. भूगोल मात्र पुन्हा पुन्हा वाचायला लावायची.

मी नववीत होते तेव्हा हुसेनचाचा स्थळ घेऊन आले. हुसेनचाचा अब्बांचे चुलतभाऊ, गावातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली. त्यांचा आवाज लूमवर मात करायचा. मुलगा कल्याणचा, इक्बाल नाव, कुवेतला बंदरावरच्या कंपनीत कारकून. बायकोला सोबत नेण्याची परवानगी असलेला, हे ते दोनदा म्हणाले.

अम्मानं कांडी खाली ठेवली नाही. "कुवेत न्हाय. टोप पोचनार न्हाय."

"भाभी, जमाना बदल गया," चाचा म्हणाले. "तुमी महापोलीला ननंद दिलीत. पावसात एसटी बंद पडली की चालत जायला किती येळ लागतो? तीन तास, साडेतीन तास. आनि चिखल वेगळा. सांताक्रूझवरनं विमान उडालं की चार तासांत कुवेत. मला सांगा, महापोली लांब का कुवेत?"

"आनि इमानातनं टोप कोन नेनार? तू?"

"मला तिकीट काढून द्या, नेतो," चाचा हसले. आपाही आतून हसली, ते मला दिसलं. ती एकोणीस वर्षांची होती आणि कल्याणच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती.

अम्मा थट्टेवर थांबणारी नव्हती. चाचा गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "तुज्या पुस्तकात हाय का गो हे गाव? बग, हा खरं बोलतो का बाता मारतो."

घरात नकाशा वाचणारी मी एकटीच होते. त्या दिवशी मला किती महत्त्व आल्यासारखं वाटलं ते आजही आठवतं. मी शाळेतून नकाशासंग्रह मागून आणला, कांडीवरचं सूत घेतलं, मुंबईवर एक टोक धरलं आणि कुवेतवर दुसरं. मग ते सूत पानाखालच्या मोजपट्टीवर ठेवलं. पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आलं. विमान ताशी किती जातं ते आमच्या भूगोलाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आठशे तरी धर. मी भागाकार केला. साडेतीन तास, चढणं-उतरणं धरून चार. चाचा खरं बोलत होते.

परवा माझ्या नातीनं तिच्या फोनला विचारलं, मुंबई ते कुवेत किती लांब. मी डाळ निवडत बसले होते. फोननं क्षणात अंतर सांगितलं, वेळ सांगितली, विमानाची वाट वाकडी रेघ काढून दाखवली. माझ्या सुताच्या मापात आणि त्यात फारसा फरक नव्हता. नात म्हणाली, "आजी, इतकं जवळ आहे?" मी पुढे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हजारो मुलांना नकाशावर सूत धरायला शिकवलं. माझं माप तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. त्याचंच मला कडू वाटतं. ते चुकीचं निघालं असतं तर किती बरं झालं असतं.

अम्माला आकड्यांनी समाधान झालं नाही. पुढच्या शुक्रवारी तिनं अकनी केली. आमच्या घरी ती सणालाच व्हायची, म्हणून आम्ही सगळेच चुलीभोवती घोटाळत होतो. मिरी, लवंग आणि तळलेल्या कांद्याचा वास शेडच्या तेलकट वासावर चढला. अब्बा जुम्म्याच्या नमाजला निघाले तेव्हा अम्मानं टोप गोधडीत गुंडाळला, दोरीनं बांधला आणि कोपऱ्यात ठेवून दिला. "कोनी हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "हा कुवेतला चाललाय."

लूम बंद होते. घर शांत. भुकेल्या पोटी आम्ही त्या गाठोड्याकडे बघत बसलो. आपा मध्येच म्हणाली, "अम्मा, आता कुठं आला असंल?" अम्मानं माझ्याकडे बघितलं. मी नकाशा उघडून बोट ठेवलं, "समुद्रावर." थोड्या वेळानं तिनं परत विचारलं, मी परत बोट पुढे सरकवलं. आपा म्हणाली, "मेहरू, तिकडे बोंबील मिळतात का ते बग गो तुज्या नकाशात. न्हायतर मी न्हाय जायाची." अम्मानं तिला दटावलं, पण तिलाही हसू आलं होतं. चार तासांनी, दुपार कलल्यावर असरची अजान झाली तेव्हा अम्मानं दोरी सोडली, गोधडी बाजूला केली आणि झाकणावर तळहात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग झाकण उचललं. वाफ आली.

"गरम हाय," अम्मा म्हणाली.

तेवढ्यावर माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. अब्बांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुला पटलं ना? मग झालं." आपाला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती, हे मला कबूल केलं पाहिजे. त्या दिवशीची अकनी तिनं दोनदा वाढून घेतली.

निकाहानंतर पंधरवड्यानं आपाला आणि इक्बालभाईंना निघायचं होतं. शेठनं स्वतःची गाडी दिली. अम्मानं पहाटे उठून टोप तयार केला आणि भिवंडीपासून सांताक्रूझपर्यंत मांडीवर धरून बसली. ठाण्याच्या पुढे ती कधी गेली नव्हती. रस्त्यात काय दिसलं ते तिला पुढे काहीच सांगता आलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष टोप कलंडू नये याकडे. विमानतळाच्या दाराशी कोट घातलेली, बॅगा घेतलेली माणसं होती. त्यांतल्या दोघांना इक्बालभाई ओळखत होते. अम्मानं गोधडीचं गाठोडं पुढे केलं.

"अम्मा, हे काय?" इक्बालभाई म्हणाले. "विमानात जेवण मिळतं. हे गाठोडं घेऊन चढलो तर लोक हसतील."

"बेटा, चार तास तर हायत. गरम पोचंल. पैला टोप हाय, न्यावा लागतो."

"तिथं माझ्याकडे भांडी आहेत," ते म्हणाले, आणि ओळखीच्या माणसांकडे बघून हसले. वाईट हसू नव्हतं ते. साधं, लाजल्यासारखं. पण मी ते विसरले नाही.

आपा पुढे आली. तिनं गाठोडं अम्माच्या हातून घेतलं, तिथेच दाराच्या कडेला जमिनीवर ठेवलं, दोरी सोडली आणि लग्नातल्या जरीच्या कपड्यांत उकिडवी बसून टोपातला भात हातानं खाल्ला. दोन-तीन घास. लोक बघत होते. मग ती उठली, तुपकट बोटं माझ्या ओढणीला पुसली आणि अम्माला म्हणाली, "पोचला बग टोप." आणि माझ्या कानाशी म्हणाली, "शाळा सोडू नको. कोनी काय पन म्हनू दे." ती आत गेली. आम्ही टोप परत घेऊन घरी आलो. दारात गाडी थांबली तेव्हा अम्मानं गोधडीत हात घातला. "अजून ऊब हाय," ती म्हणाली. "पोरगी पोचली असंल का गो?" मी म्हटलं, पोचली असेल.

पुढची वर्षं मी शिकत गेले. आपा कानात काय म्हणाली ते मी अम्माला सांगितलं होतं, आणि त्या दोन वाक्यांची आठवण ती दर परीक्षेला करून द्यायची. आमच्या गल्लीतून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. हुसेनचाचांनी माझ्यासाठी दोन स्थळं आणली, अम्मानं दोन्ही परतवली. "हमीदा सांगून गेली हाय," एवढंच कारण ती द्यायची. आज माझ्याजवळ जे काही आहे, ही लेखणी धरून, ते माझ्या बहिणीनं दिलेलं आहे. हे मला लिहून ठेवायचं होतं.

आपा आली नाही. पहिल्या वर्षी इक्बालभाईंना रजा नव्हती. दुसऱ्या वर्षी बाळंतपण तिथेच झालं. तिसऱ्या वर्षी ते एकटेच कल्याणला येऊन गेले आणि आमच्याकडे साबण, अत्तर आणि एक जाड ब्लँकेट पाठवलं. पत्रांत सगळी खुशाली. एकदा शेठच्या घरी तिचा फोन आला. आम्ही धावत गेलो. अम्मा तोंडाला फोन लावून ओरडत होती, "हमीदा, कशी हायस? जेवलीस का?" तिकडून आपाही तेच विचारत होती. दोघी लूमच्या घरातल्या, दोघी ओरडणाऱ्या. एकमेकींचं काही ऐकू येण्याआधी फोन तुटला. अम्मानं तो टोप पुन्हा कधी वापरला नाही. कल्हईवाला आला की मात्र न चुकता कल्हई करून घ्यायची. "इकडून गेलेला टोप रिकामा परत येत न्हाय," ती म्हणायची. "हा तर गेलाच न्हाय."

माझ्या बीएच्या शेवटच्या वर्षी अम्मा आजारी पडली. आधी ताप, मग छातीत पाणी झालं असं डॉक्टर म्हणाले. एका सकाळी त्यांनी अब्बांना बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. मी तार ऑफिसात जाऊन कुवेतला तार केली. घरी आले तेव्हा अम्मा जागी होती.

"केलीस तार?"

"केली."

"मग तांदूळ धुवायला घे," ती म्हणाली. "चार तासांचं काम हाय. संध्याकाळपर्यंत येईल पोरगी."

मी शिकलेली होते. तार पोचणं, तिकीट मिळणं, रजा मंजूर होणं, हे सगळं मला ठाऊक होतं. पण तिच्या तोंडावर ते बोलायचा धीर झाला नाही. मी अकनी केली. गोधडी काढली, टोप बांधला, तिच्या खाटेशी ठेवला. त्या दिवशी गुरुवार होता, लूम चालू होते. भिंत थरथरत होती आणि गाठोडंही बारीक थरथरत होतं. अम्मानं हात लांब करून त्याच्यावर ठेवला. दर थोड्या वेळानं विचारायची, "आता कुठं आली असंल?" मी म्हणत राहिले, समुद्रावर. नकाशा काढायची गरज नव्हती. असरच्या वेळी ती म्हणाली, "सोडू नको, अजून बांधलेलाच ऱ्हाऊ दे." सूर्य बुडाल्यावर, मगरिबला, तिनं गोधडीत हात घातला, काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. शनिवारी दुपारी ती गेली. मी दुसरी तार केली. अब्बांनी दफनाला जितका उशीर करता येईल तितका केला. दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मग जमातीतले लोक जनाजा उचलायला हळूहळू उठू लागले. हुसेनचाचा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटी, खुदा की मर्जी." मी त्यांचा हात बाजूला केला. घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्या माणसाचा हात असा झटकला होता, पण अब्बा मला काही बोलले नाहीत.

आपा आली ती अम्माच्या चाळिसाव्या दिवसानंतर. तीही अम्मासाठी नव्हे. इक्बालभाईंच्या धाकट्या भावाचं लग्न होतं कल्याणला, त्यासाठी सगळे आले होते. एक दुपार तिला आमच्याकडे पाठवलं. ती जाड झाली होती, हळू बोलायची. लूमच्या आवाजात तिचं बोलणं मला ऐकूच येईना. "मोठ्यानं बोल ना," मी म्हटलं.

"सवय गेली," ती म्हणाली. "फ्लॅटमध्ये मोठ्यानं बोललेलं त्यांना चालत न्हाय."

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण विचारलं. पहिली तार मिळाली नाही का?

"मिळाली. त्याच दिवशी मिळाली." ती कोपऱ्यातल्या टोपाकडे बघत होती. "मी कपडे भरले. ते म्हनाले, म्हातारी मानसं आजारी पडतातच, दुसरी तार येऊ दे. पासपोर्ट त्यांच्या कपाटात. दुसरी आली. तवा म्हनाले, आता जाऊन काय उपयोग?" मग तिनं माझ्याकडे बघितलं. "विमान रोज होतं गो, मेहरू. आमच्या गच्चीवरनं दिसायचं."

शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी लूम बंद केला असावा, खटाखट एका जागी विरळ झाली. मी चहा ओतला. इक्बालभाईंनी तिच्यावर कधी हात उचलला का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण चहाचा कप घेताना तिची बाही वर सरकली आणि तिनं ती लगेच खाली ओढली. अम्माचं माप कशासाठी होतं ते मला त्या क्षणी खरं कळलं. गरम भात पोचवणं हे त्यातलं सगळ्यात लहान काम होतं. आम्ही तेवढंच मोजलं.

संध्याकाळी कल्याणहून गाडी येणार होती. मी अकनी केली होती. तिच्यासाठी काय करावं ते मला दुसरं सुचलं नव्हतं. चुलीवरून टोप उतरवला, झाकण लावलं आणि गोधडी पसरली. अब्बा दारात उभे होते. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. आपानं पुढे येऊन गोधडीची घडी माझ्या हातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली. टोपावरचं झाकणही काढलं. वाफ तिच्या तोंडावर आली, तिनं डोळे मिटले, उघडले.

"गार होऊ दे आधी," ती म्हणाली. "मग बांध. गरम नेला की वाटभर त्याला निवताना बघत बसायला लागतं."

गाडी येईपर्यंत आम्ही तिघं त्या उघड्या टोपाभोवती बसलो. अब्बा पुठ्ठ्यानं पंख्यासारखा वारा घालत राहिले.